ओठांवर दिसणारे आवाज

नवी सून गावात आली की बाया तिचं रूप बघतात, हातातलं काम बघतात. शालिग्रामची बायको सुगंधाबाई आली, तेव्हा आमच्या गावानं आधी तिचं बोलणं ऐकलं.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. माहेर धरणगावकडचं, कपाशीच्या काळ्या रानातलं. आमचं गाव तापीकाठी, सावदा स्टेशनपासून बैलगाडीच्या वाटेवर. जिकडं बघावं तिकडं केळीचे बाग. सासूनं विचारलं, "भाजी झाली का व?" तर दुसरी कोणी सून नुसतं 'झाली' म्हणाली असती. ही म्हणायची, "आत्ता चर्र झाली, अजून रटरट नही." मळ्यातून आली की मोटेचं चाक आज कसं रडलं ते सांगायची. केळीच्या पानांना सगळं गाव सळसळ म्हणायचं, तर तिला तो अन्याय वाटायचा. "आख्खं पान थडथड करते," ती म्हणायची, "वाऱ्यानं चिरलं का मंग फरफर करते. अन् वायलेलं पान खाली लोंबते ना, ते खरखर. एकाच सळसळीत तिघांले कसं काय कोंबता?"

शेजारच्या घरातलं भांडण तिनं सांगावं आणि बायांनी पोट धरून हसावं. त्या गोष्टीत माणसांची नावंसुद्धा नसायची. कोण दणदण आलं, कोण पुटपुटलं, तांब्या ठणाण् कसा पडला आणि शेवटी सगळं कसं चिडीचूप झालं, एवढ्यावर अख्खं भांडण डोळ्यांपुढं उभं राहायचं. माणसं नेणारी पहिली सर्व्हिस मोटार गावच्या फाट्यावर यायला लागली, तेव्हा सुगंधानं तिला नाव दिलं, भडभडभोंग. पोरांनी ते उचललं, मग मोठ्यांनी. पुढं कित्येक वर्षं आमच्याकडं शहाणीसुरती माणसं एकमेकांना विचारायची, "भडभडभोंग गेली का हो?"

सासू कावायची. "या बाईले वस्तूचं नाव घेता येत नही का?" पण एकदा तीच शेजारणीला सांगताना ऐकू आली, "आज चूल नुसती फुसफुस करते, माय."

शालिग्राम मुळात अबोल. शेतातल्या कामापुरतं बोलायचा, तेही तुटक. बायको बोलत असली की केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालपटाची, दोरी वळत बाजूला बसून राहायचा. हसायचा नाही, पण उठूनही जायचा नाही. दोरी गरजेपेक्षा लांब झाली की सासूच्या लक्षात यायचं आणि ती म्हणायची, "आता काय सावद्यापर्यंत नेतू का रे ती दोरी?"

त्या वेळी शाळा मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर भरायची. तिथं भाईदास गुरुजी म्हणून मास्तर आले. ते धुळ्याकडचे, शिंदखेड्याचे. एके दिवशी त्यांनी मुलांना विचारलं, "पाणी कसं वाहतं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "खयखय!" गुरुजींनी फळ्यावर 'खळखळ' लिहिलं. मुलं म्हणाली, नाही, सुगंधाकाकू खयखयच म्हणते. तेव्हा ही सुगंधाकाकू कोण, ते बघायला गुरुजी संध्याकाळी शालिग्रामच्या ओट्यावर येऊन बसले.

"ताई, पुस्तकात खळखळ आहे," ते म्हणाले.

सुगंधा दाराआडून म्हणाली, "असंन. पुस्तकातलं पानी मी नही आयकलं."

गुरुजी हसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "खरं सांगू? आमच्या घरी बी खयखयच शे. माझी आई तसंच म्हणते. मी शिकलो तेव्हा पुसून टाकलं." मग ते रंगात आले. माणसानं पहिले शब्द कुठून आणले असतील, यावर ते बोलायला लागले. "कावळ्याला कावळा का म्हणतो आपण? तो काव काव करतो म्हणून. टिटवीला टिटवी का? ती टिटिव टिटिव करते म्हणून. कोकिळेच्या नावात तिची कू आहे. लहान मूल आधी गाय म्हणत नाही, हम्मा म्हणतं."

सुगंधा दाराआडून बाहेरच आली. "म्हंजी पाखरांनी आपली नावं आपनच सांगितली?"

"तसंच म्हणा."

"अन् आपन फक्त आयकली!" तिला त्याचा इतका आनंद झाला की गुरुजी गेल्यावरही ती कितीतरी वेळ एकेक नाव तोंडात घोळवत राहिली. टिटवी. घुबड. पारवा. पारव्यात मात्र काही सापडलं नाही, म्हणून हळहळली.

गुरुजी पुढं बदली होऊन धुळ्याला गेले. तोवर सुगंधाला मुलगी झाली होती, बेबा. बेबा रांगायला लागली, हुंकार द्यायला लागली. सुगंधा तिच्याशी दिवसभर पाखरांच्या आणि भांड्यांच्या भाषेत बोलायची. पोरीला शब्द फुटायच्या बेतात होते, आणि सुगंधा आजारी पडली.

आधी ताप, मग डोकं असं दुखायचं की ती कपाळ भिंतीला टेकून बसायची. मग मान ताठ झाली. ती काहीबाही बरळायला लागली, तेव्हा शालिग्रामनं बैलगाडी जुंपली. सावद्याहून रेल्वेनं भुसावळ, तिथून जळगाव. बेबाला सासूपाशी ठेवलं. जळगावला त्याचा केळीचा व्यापारी होता, गौतमचंद शेठ. त्याच्या दुकानामागं एक खोली होती, ती त्यानं मोकळी करून दिली. तिथून जवळच एका डॉक्टरांचा लहानसा खाजगी दवाखाना होता.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या आवरणाला क्षयाची सूज आहे. काही वर्षांपूर्वी असा रोगी वाचतच नसे. आता एक नवी सुई निघाली आहे, ती रोज द्यावी लागेल, महिनोन् महिने. शालिग्रामनं मान हलवली.

सुईनं गुण आला. ताप उतरला, मान हलायला लागली. शेठाची बायको सूरजबाई रोज ताट घेऊन यायची आणि उशाशी बसायची. एके दिवशी सुगंधा म्हणाली, "कानात रातकिडा बसला हो माह्या. किर्रर्र किर्रर्र करते, थांबतच नही." सूरजबाईला वाटलं, अशक्तपणा असेल. शालिग्रामनं सहज डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्याला बाकावर बसवलं.

"हे या औषधामुळं होतं," ते म्हणाले. "सगळ्यांना नाही, पण काहींना. कानाच्या नसेवर परिणाम होतो. आधी असा आवाज येतो, तोल जातो, मग ऐकू येणं कमी होत जातं. एकदा गेलं की परत येत नाही."

"मंग सुई बंद करा."

"बंद करता येईल. पण रोग अजून गेलेला नाही, नुसता दबलाय. आत्ता थांबवली तर…" डॉक्टर थांबले. "मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. निर्णय तुमच्या घरातला आहे. तिच्याशी बोला आणि मला सांगा."

शालिग्राम खोलीवर गेला. सुगंधा पहिल्यांदाच कशाला न टेकता उठून बसली होती. समोरच्या वळचणीला पारवे होते. ती सूरजबाईला सांगत होती, "पाहा, घुटुर्रघुम, घुटुर्रघुम. घुम्म म्हनतानी गया फुगवते. याचं नाव घुटऱ्या ठेवाले पाह्यजे व्हतं, पारवा कोनं ठेवलं?" आणि दोघी हसत होत्या. तिच्या गालावर कितीतरी दिवसांनी थोडा रंग दिसत होता.

शालिग्राम दारात उभा राहिला. बोलायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला पहिला शब्दच सापडेना. लग्न झाल्यापासून तो बायकोचं ऐकत आला होता. एवढी मोठी गोष्ट आपण होऊन सांगायची त्याला सवयच नव्हती. तो तसाच माघारी फिरला.

"चालू ठेवा," त्यानं डॉक्टरांना सांगितलं.

"तिला सांगितलंत?"

त्यानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते डॉक्टरांना कळलं नसावं.

आवाज एकदम गेले नाहीत. बारीक आवाज आधी गेले. चिमण्या गेल्या. सूरजबाईच्या बांगड्यांची किणकिण गेली. सुगंधा विचारायची, "इथल्या चिमन्या कुठी गेल्या हो?" मग लोक पुटपुटल्यासारखे बोलायला लागले, मग भिंतीपलीकडून बोलल्यासारखे. एका सकाळी सूरजबाईनं ताट ठेवलं आणि मागून हाक मारली. सुगंधा खिडकीबाहेर बघत राहिली. सूरजबाईनं पुन्हा हाक मारली, मग ताट मुद्दाम आपटलं. पारवे उडाले. ते उडालेले बघून सुगंधा दचकून वळली, आणि सूरजबाईचा चेहरा बघून तिला समजलं.

पहिले काही दिवस ती स्वतःच्या कानांवर थापडा मारायची. मग रडायची, आणि आपलं रडणं ऐकू येत नाही म्हणून आणखी मोठ्यानं रडायची. शालिग्राम जवळ बसायचा. ती त्याला विचारायची, "बिमारीनं झालं का? जाईन ना हे?" तो काहीतरी बोलायचा. ती म्हणायची, "काय? काय म्हनता?" मग त्यालाच बरं वाटायचं की तिला ऐकू येत नाही, आणि तसं वाटल्याची लाज वाटायची.

रोग बरा झाला. डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. गाडी गावात शिरली, तेव्हा सासू बेबाला कडेवर घेऊन दारात उभी होती. बेबा खाली उतरली, धावत आली आणि काहीतरी म्हणाली. सासूनं पदर डोळ्याला लावला. आजूबाजूच्या बायाही गहिवरल्या. सुगंधा सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. "काय म्हनली ती? कोनी सांगा ना, काय म्हनली?"

बेबा 'माय' म्हणाली होती. आई जळगावात असताना तिला शब्द फुटले होते. पोटच्या पोरीचा एक शब्दही सुगंधानं ऐकला नव्हता.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं लिहून सांगायचीही सोय नव्हती. ती माणसांच्या ओठांकडं बघायला शिकली. बोलणारीच्या छातीवर किंवा गळ्यावर पंजा ठेवायची, म्हणजे आतली थरथर हाताला लागायची. पण बायांना ते चमत्कारिक वाटायचं, त्या मागं सरायच्या. रात्री झोपताना पोरीचा पाय आपल्या मनगटाला लुगड्याच्या चिंधीनं बांधून ठेवायची, पोरगी चुळबुळली की जाग यावी म्हणून. दिवसा चिंधी कुठवर बांधणार?

एका दुपारी ती चुलीपुढं भाकरी थापत होती, पोरगी मागं खेळत होती. लाकडांच्या ढिगातून विंचू निघाला आणि बेबाच्या पायाला डसला. पोरीनं टाहो फोडला. तो टाहो गल्लीच्या टोकाला ऐकू गेला. सासू शेजारच्या अंगणातून धावत आली, तर पोरगी जमिनीवर काळीनिळी होऊन लोळते आहे आणि दोन हातांवर आई तिच्याकडं पाठ करून भाकरी थापते आहे. सासूनं तिच्या पाठीत हात मारला तेव्हा ती वळली.

पोरगी जगली. विष उतरायला वेळ लागला, पण उतरलं. त्या दिवसापासून सासूनं नातीला आपल्याजवळ घेतलं. तिच्या मनात दुष्टावा नव्हता. ती सुगंधाच्या तोंडासमोर बसून सावकाश, ओठ रुंद करून म्हणाली, "बाई, मी काय तुह्यी वैरीन हाये? पन पोरगी मेली असती." सुगंधाला यातलं फक्त 'पोरगी' आणि 'मेली' एवढं दिसलं. तेवढं पुरेसं होतं. तिनं मुलीचं अंथरूण उचलून सासूच्या खोलीत नेऊन टाकलं.

त्यानंतर तिनं गोष्टी सांगणं सोडलं. बाया यायच्या, बसायच्या, आणि उठून जायच्या.

भाईदास गुरुजींना धुळ्यात ही हकिगत कळली. त्यांनी निरोप पाठवला की इथं कानाचे एक डॉक्टर आहेत, घेऊन या. शालिग्राम तिला घेऊन गेला. त्या डॉक्टरांनी लोखंडाचा एक दुबेळका चिमटा टेबलावर आपटला आणि तिच्या कानामागच्या हाडाला टेकवला. सुगंधाचे डोळे विस्फारले. ती खुर्चीवरून उठलीच. "आलं! आलं! गुंऽऽ करते! आयकू आलं मले!" गुरुजींनी शालिग्रामचा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी तोच चिमटा तिच्या कोपराच्या हाडाला टेकवला आणि खुणेनं विचारलं. "हो, हो, इथं बी आलं," ती म्हणाली.

डॉक्टर गुरुजींकडं वळले. "तिला थरथर लागतेय. ऐकू येत नाहीये. नस गेलीय, यावर यंत्र चालणार नाही."

तिला ते कोणी सांगितलं नाही. पण परतीच्या वाटेवर ती स्वतःच्या कोपराला बोटानं पुन्हा पुन्हा टिचक्या मारत होती, आणि पारोळ्याच्या जवळपास कुठंतरी तिनं ते थांबवलं.

पुढं शालिग्रामनं विहिरीवर मोट काढून इंजिन बसवलं. गावातलं पहिलंच इंजिन. ते सुरू करायच्या दिवशी सगळं गाव मळ्यात जमलं. हँडल फिरवलं, नळीतून धुराची वलयं निघाली, पाटात पाणी उसळलं आणि पोरं नाचायला लागली. सुगंधा एका बाजूला उभी होती. सगळ्यांची तोंडं एकदम उघडलेली तिला दिसली. ती शालिग्रामजवळ आली.

"कसा बोलते तो?"

शालिग्राम गोंधळला. असला शब्द त्यानं आयुष्यात तोंडातून काढला नव्हता. "टुक टुक," तो म्हणाला. तिनं मान हलवली, दिसलं नाही. "टुकटुक. कटकट. तसंच काहीतरी." तिनं पुन्हा मान हलवली. मग तिनं त्याला सोडलं आणि इंजिनाच्या दगडी ओट्यावर दोन्ही तळहात टेकवले. डोळे मिटले. सगळे तिच्याकडं बघायला लागले. जुन्या बाया पुढं सरकल्या. सुगंधाबाई आता काहीतरी म्हणणार, हे त्यांनी ओळखलं.

तिनं डोळे उघडले आणि आनंदानं म्हणाली, "ढुब्बू-ढुब्बू! ढुब्बू-ढुब्बू म्हनते!"

इंजिन सगळ्यांच्या कानांशी टणाटण ठोकत होतं. मग मागं एक पोरगं हसलं, त्याच्या पाठोपाठ सगळीच हसली. सुगंधाला वाटलं, पूर्वीसारखीच हसली. तीही हसली. मग तिनं एकेक चेहरा बघितला, आणि ओट्यावरचे हात काढून घेतले.

लोक गेल्यावर ती पाटाच्या कडेला पाय सोडून बसली. शालिग्राम तिच्या समोर, पलीकडच्या काठावर येऊन बसला. ऊन त्याच्या तोंडावर होतं. तो म्हणाला, "मले एक सांगायचं हाये."

"काय?"

"सुई. जयगावची सुई. तिच्यानं गेले तुह्ये कान."

तिला समजलं नाही. त्यानं दंडाला बोट टोचून दाखवलं, मग कानाकडं बोट केलं. पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा. "डॉक्टरनं मले आधी सांगितलं व्हतं. तुले इचार म्हने. मी नही इचारलं. मीच चालू ठेवा म्हनलो." प्रत्येक वेळी त्याला वाटत होतं की आता तिला कळू नये, आणि प्रत्येक वेळी तो अधिक सावकाश, अधिक स्पष्ट बोलत होता.

शेवटी तिला कळलं.

"मले काहून नही इचारलं?" ती म्हणाली. तिचा आवाज तोवर बदलला होता. कुठं फार मोठा, कुठं पुसट. "मी नको म्हनली असती का? पोरगी लहान व्हती. मी सुई द्याच म्हनली असती. पन एक दिवस मांगून घेतला असता ना मी. गावी आली असती. पोरीले मांडीवर घेऊन बसली असती. ती रडली असती तं रडू देलं असतं. एक दिवस, अहो. आयकून ठेवाले."

शालिग्राम तोंडावर हात घेऊन बसला. हात आड आल्यावर तो बोलतो आहे की नाही, हेही तिला दिसत नव्हतं. तिनं पाटावरून वाकून त्याचा हात बाजूला केला. तो काही बोलत नव्हता.

ती त्याच्यावर रागावून माहेरी गेली नाही की तिनं बोलणं टाकलं नाही. पण त्या दिवसानंतर कितीतरी वर्षं तिनं कुणाला कशाचा आवाज विचारला नाही.

मग शालिग्रामनंच सुरुवात केली. दिवस मावळायच्या आधी तो मळ्यातून यायचा, तोंडावर उजेड पडेल असा ओट्यावर बसायचा आणि तिला समोर बसवून सांगायचा, आज काय काय वाजलं. त्याला ते जमायचं नाही. घाम यायचा. पण थोड्या दिवसांत त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. खयखय म्हणताना माणसाचे ओठ हलतच नाहीत. सगळं आत, घशापाशी होतं. किरकिर तसंच, टणटण तसंच. तिला दिसायचे ते ओठ मिटून किंवा ओठ फुंकून येणारे शब्द. प, फ, ब, भ, म. पडलेली केळ धप्प म्हणाली, की तिला ताबडतोब कळायचं. मग तो शब्द बदलायला लागला. पाटाचं पाणी भुबभुब वाहायला लागलं. बैलाच्या गळ्यातली घुंगरं मुणमुण वाजायला लागली. टिटवी पिबिप ओरडायला लागली.

बेबा आता शाळेत जात होती. ती आजीजवळ झोपायची, पण संध्याकाळी आईजवळ येऊन बसायची. आईशी बोलताना आवाज काढायची गरज नाही हे तिनं कधीच ओळखलं होतं. ती नुसते ओठ हलवायची. बाहेरच्या माणसांना सुगंधाचं बोलणं आता समजत नसे, ते बेबाला समजत असे. एकदा तिनं बापाला टोकलं, "बा, पानी असं नही बोलत."

"ठाऊक हाये मले."

"मंग खोटं काहून सांगता?"

"तिले दिसलं पाह्यजे ना व."

सुगंधा ते शब्द त्याच्यामागून म्हणायची, भुबभुब, मुणमुण. तिच्या अडखळत्या आवाजात ते आणखीच निराळे व्हायचे. रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघायची. तिला ते शब्द पटायचे की त्याचं मन राखायला ती म्हणायची, हे शालिग्रामला कधी कळलं नाही. तिला त्यांतला खोटेपणा ओळखू येत असावा, असं मला वाटतं. पाणी कसं वाहतं हे ती विसरली असेल, असं वाटत नाही.

साठ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बेबा ओट्याच्या कडेला बसून पुस्तकातली कविता मोठ्यानं पाठ करत होती. खरोखरच मोठ्यानं, कारण शाळेतल्या नव्या मास्तरांनी तसं सांगितलं होतं. सुगंधा धान्य निवडता निवडता थांबली. पोरीचे ओठ हलत होते, गळ्याची शीर उठत होती. तिनं शालिग्रामकडं वळून विचारलं,

"हिचा आवाज कसा हाये?"

शालिग्राम म्हणाला, "चांगला हाये."

"तसं नही. कसा हाये?"

तो पोरीकडं बघत राहिला. चिमणीचा शब्द त्याला ठाऊक होता, घुंगराचा ठाऊक होता, पाण्याचा तर त्यानं नवा केला होता. माणसाच्या आवाजाला काय म्हणायचं? त्यानं ओठ जुळवले आणि पुन्हा सोडले. शेवटी तो म्हणाला, "तुह्यासारखा हाये."

सुगंधा त्याच्या तोंडाकडं बघत होती. "माहा कसा व्हता?" तिनं विचारलं. "मले नही आठवत आता."

शालिग्रामला तो आवाज आठवत होता. दोरी वळत बसून त्यानं तो इतकी वर्षं ऐकला होता, आणि आत्ताही तो त्याच्या कानात होता. पण तो ओठांवर कसा आणायचा, हे त्याला काही केल्या सुचेना. बेबानं कविता थांबवली आणि बापाकडं बघितलं. तिलाही ते ऐकायचं होतं. आईचा तो आवाज तिच्या आठवणीत नव्हता.

सुगंधानं बराच वेळ वाट बघितली. मग सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बैलांना पाणी दाखवायला गोठ्याकडं गेली.